शाळा आणि बालगुन्हेगारी : मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. वरच्या वर्गातील काही मुलांना चोरीच्या प्रकरणात पोलिसांनी चौकशीसाठी नेले आणि त्यानंतर शिक्षकांच्या बैठकीत 'घरचे वळणच नाही, तेथे शाळा काय करणार' असा सूर निघाला, असे तू लिहिलेस. घराचा आणि वस्तीचा वाटा मोठा आहे, हे मला मान्य आहे. तरीही तो सूर शाळेला फार सोयीचा वाटतो.

ब्रिटिश बालमनोविकारतज्ज्ञ मायकल रटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमधील बारा माध्यमिक शाळांचा अभ्यास करून १९७९ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. प्रवेशाच्या वेळची मुलांची कुवत आणि घरची परिस्थिती हिशेबात धरूनही मुलांच्या वर्तनात आणि निकालात शाळाशाळांमधील फरक शिल्लक राहत होता. इमारत जुनी की नवी, यावरून फारसे काही ठरत नव्हते. तास कसा घेतला जातो, शाबासकी मिळते का, मुलांवर जबाबदारी सोपवली जाते का, यांचा त्यांच्या वर्तनाशी संबंध दिसला. गुन्हेगारीच्या बाबतीत मात्र आणखी एक गोष्ट ठळकपणे पुढे आली : ज्या शाळेत अभ्यासात मागे असलेल्या मुलांचाच भरणा अधिक, तेथे गुन्ह्यांचे प्रमाणही अधिक होते.

गुणांनुसार तुकड्या पाडणारी शाळा हाच भरणा आपल्या भिंतींच्या आत तयार करते. शिक्षणाचे अभ्यासक डेव्हिड हारग्रीव्ह्ज यांनी इंग्लंडमधील केवळ मुलग्यांच्या एका शाळेत खालच्या तुकड्यांचे निरीक्षण केले होते (१९६७). ज्यांना अभ्यासात मान मिळण्याची आशा उरली नव्हती, ती मुले शिक्षकांना न जुमानण्यातच मान शोधत आणि त्यांच्या कंपूत तो मिळतही असे. मला यात नवल वाटत नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला कोणाच्या तरी लेखी आपण कोणी आहोत, हे हवेच असते. शेवटच्या तुकडीवर बहुधा सर्वांत नवखा शिक्षक नेमला जातो, ही आपल्या व्यवसायातील जुनी खोड आहे.

निलंबनाविषयी तू माझे मत विचारलेस. अमेरिकेतील टेक्सास राज्यात सुमारे दहा लाख विद्यार्थ्यांच्या नोंदी तपासून २०११ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध झाला. ज्या गैरवर्तनाला निलंबन करायचेच असा कायदा नव्हता, त्यासाठी शाळेने आपल्या मर्जीने निलंबित केलेल्या किंवा काढून टाकलेल्या मुलांचा पुढच्याच वर्षी बालन्याय यंत्रणेशी संबंध येण्याची शक्यता इतरांच्या जवळजवळ तिप्पट होती. निलंबनामुळेच गुन्हा घडतो, असे यावरून सिद्ध होत नाही, कारण ती मुले आधीपासूनच अडचणीत असू शकतात. परंतु ज्याचे लक्ष अभ्यासातून उडाले आहे, त्याला भर दिवसा, कोणाच्याही देखरेखीविना रस्त्यावर सोडून शाळा नेमके काय साधते, हे मला आजवर कोणी पटवून दिलेले नाही. त्यातून मागे पडलेला अभ्यास कोणी भरून देत नाही. मारामारीत दुसऱ्याला इजा होत असेल, तर मुलाला वेगळे बसवावेच लागते. पण ते शाळेतच, एखाद्या शिक्षकासमोर आणि हातात काम देऊन.

पुढच्या बैठकीला जाताना त्या मुलांचे हजेरीपट सोबत ने. त्यांची गैरहजेरी कधी सुरू झाली, ती कोणाच्या लक्षात आली होती का आणि त्यांतील किती दिवस शाळेनेच त्यांना बाहेर ठेवले होते, हे आधी पाहा. घरच्या वळणाची चर्चा त्यानंतर करावी. काय आढळले, ते मला सविस्तर कळव.

तुझा मित्र