मित्रास पत्र : लेकरांच्या कपाटासाठी शास्त्रज्ञ

परभणी,
५ जुलै

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार.

गावच्या शाळेला शास्त्रज्ञांची चरित्रं पाठवायची म्हणतोस, फार बरं वाटलं. यादी सोबत आहे. पण पुस्तकं घेताना एक बघ. पुष्कळ पुस्तकांत निम्मी पानं गरिबीची, शेवटची पदकांची. मधलं कामच दिसत नाही. लेकरू ते भाषणापुरतं पाठ करतं नि विसरतं. तो माणूस दिवसभर हातानं काय करत होता हे ज्यात कळतं, तेच पुस्तक घे.

फॅरडेचंच बघ. लोहाराचा पोरगा, लंडनमध्ये पुस्तकं बांधायच्या दुकानात उमेदवारीला. बांधायला आलेली पुस्तकं वाचायचा. १८१२ मध्ये हम्फ्री डेव्ही या नामांकित रसायनशास्त्रज्ञाची व्याख्यानं ऐकली, टिपणं स्वतः बांधून डेव्हीलाच पाठवली आणि १८१३ मध्ये त्याच्या हाताखाली लागला. इथवर सगळे लिहितात. चुंबक हलवून तारेत वीज काढायचा त्याचा १८३१ सालचा प्रयोग मात्र एका ओळीत उरकतात.

सातवीच्या वर्गात आम्ही तो करून पाहिला. मोटार भरायच्या दुकानातून उरलेली तांब्याची तार आणली, पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळली, टोकांवरचं वार्निश ब्लेडनं खरवडून गॅल्व्हानोमीटर, म्हणजे तारेतून वीज वाहिली की काटा हलवणारं यंत्र, जोडला. चुंबक आत सारला की काटा उडायचा. चुंबक आतच धरून ठेवला की काटा शून्यावर. बाहेर ओढला तेव्हा मागून एक पोरगं ओरडलं, "सर, काटा उलटा पळायलाय की!" आणि एका पोरीनं विचारलं, "मग येलदरीच्या धरणावर चुंबक कोण हलवतंय?" सुधाकर, तो प्रश्न ऐकून माझा ऊर भरून आला. पाण्यानं टर्बाइन फिरतं, त्याच्यासोबत चुंबक फिरतो, हे सांगायला मग वेळ लागला नाही.

जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींचं चरित्रही घे. १९३३ मध्ये बाई म्हणून सी. व्ही. रामन यांनी त्यांना बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश नाकारला, त्या अडून बसल्या, शेवटी प्रवेश मिळाला. पोरींनी हे वाचायलाच हवं. पण पुस्तक तिथंच थांबत असेल तर घेऊ नकोस. वनस्पतींच्या पेशींत त्यांना सायटोक्रोम सी हे पेशींच्या श्वसनाला लागणारं प्रथिन सापडलं, १९३९ मध्ये केंब्रिजची पीएचडी मिळाली, पुढं मुंबईत कुपोषित लेकरांसाठी त्यांनी नीरा तपासली. एवढं सगळं त्यात पाहिजे.

आणि एक पुस्तक मला कुठंच मिळत नाही. 'परभणी क्रांती' भेंडी आपल्याकडं कोणाला ठाऊक नाही? भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पाडणारा रोग पांढरी माशी पसरवते, अख्खा प्लॉट जातो. आपल्या कृषी विद्यापीठात नेहमीच्या भेंडीचा तिच्या रानटी भाऊबंदाशी संकर करून या रोगाला दाद न देणारं वाण काढलं. कोणतं झाड ठेवायचं, कोणतं उपटायचं, हे भेंडीच्या पिढ्यान्‌पिढ्या निवडत बसलेली माणसं होती ती. त्यांच्यावर लेकरांसाठी कोणीतरी लिहायला हवं रे, आणि तुझा हात लिहिता आहे. दिवाळीला येशील तेव्हा दोन दिवस जास्तीचे काढ. विद्यापीठात जाऊ, जुन्या माणसांना भेटू. मी आत्तापासून विचारपूस करून ठेवतो.

पुस्तकं एसटीच्या पार्सलनं पाठव, मी स्टँडवरून उचलतो. वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुझा,
दत्ता