महिन्यातून एका रविवारी तीन तास रस्ता द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

लातूरला माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, वडिलांनी चालू केलेलं. वडील तासावर सायकली भाड्यानं द्यायचे, वहीत नाव आणि वेळ लिहून ठेवायचे, आणि आम्ही पोरं भाड्याचं एक मिनिट वाया जाऊ नये म्हणून जीव तोडून पायडल मारायचो. आता गिअरच्या सायकली येतात दुकानात, आणि पाच-सहा पोरं अशी आहेत की जी रविवारी पहाटे औसा रोडच्या आतल्या एका रस्त्यावर घड्याळ लावून सायकल मारतात. त्यांना महिन्यातून एकदा सुरक्षित रस्ता मिळावा म्हणून हे पत्र लिहितोय.

मागच्या डिसेंबरात मीपण गेलो बघायला. किलोमीटरच्या दगडापाशी एकजण मागून सीट धरून उभा, दुसऱ्याच्या हातात मोबाईलचं स्टॉपवॉच, पाच चार तीन दोन एक, सोडला. एका मिनिटानं पुढचा. प्रत्येकजण एकटा, कुणी कुणाच्या मागं लपायचं नाही, कारण दुसऱ्याच्या आडोशाला चालवलं की हवा लागत नाही आणि खूप ताकद वाचते, म्हणूनच तर टाइम ट्रायलमध्ये, म्हणजे घड्याळाविरुद्धच्या अशा एकट्याच्या शर्यतीत, त्याला बंदी असते, पुढच्याला गाठलं तरी बाजूनं निघून जावं लागतं. त्यातला सगळ्यात बारका, बारावीला आहे, सेकंडहँड सायकल, चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, मीच काढून दिलेला, १० किलोमीटर १८ मिनिटं ५२ सेकंदात आला. सायकल आडवी टाकून बांधावर बसला, तोंडातून शब्द फुटत नव्हता, आणि फुटला तेव्हा पहिलं काय विचारलं तर "काका, मागच्यापेक्षा किती कमी झालं?" ११ सेकंद कमी झालं होतं. ते ऐकून त्या लेकराच्या तोंडावर जे आलं ते मी विसरणार नाही.

आता मुद्दा असा की या पोरांना आपण करतोय ते जगात कुणीतरी आयुष्यभर करतं, त्याचा धंदा होतो, करिअर होतं हे माहीतच नाही. तुमच्या पेपरमध्ये जुलैत टूर दि फ्रान्स या मोठ्या सायकल शर्यतीच्या चार ओळी येतात, त्यात टाइम ट्रायल कधी दिसत नाही. मी मोबाईलवर बघून बघून शिकलो. जर्मनीच्या टोनी मार्टिनचं करिअर मला सगळ्यात जवळचं वाटतं. २०११, २०१२, २०१३ आणि २०१६ असा चार वेळा टाइम ट्रायलचा वर्ल्ड चॅम्पियन, एवढं पुरुषांमध्ये त्याच्या आधी फक्त स्वित्झर्लंडच्या कान्चेलारानं केलं होतं. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकला ४४ किलोमीटर त्यानं ५१ मिनिटं २१ सेकंदात मारले आणि तरी सिल्व्हर, कारण ब्रिटनच्या विगिन्सला ४२ सेकंद कमी लागले होते. लातूरहून औशाला जाऊन परत या, जवळपास तेवढंच अंतर होतं, मग कळेल हा स्पीड काय आहे ते. तीसवरून चाळीसच्या स्पीडला जायचं तर नुसत्या हवेशी झगडायलाच दुपटीपेक्षा जास्त ताकद लागते, आणि ही माणसं पन्नासच्या पुढं तासभर टिकतात.

पण मेडलपेक्षा मला बाकीचं जास्त भावतं. अशा रायडरला वर्षात टाइम ट्रायल मिळतात मोजक्या. बाकीचे दिवस काय, तर टीमच्या पुढं राहून वारा अंगावर घ्यायचा, मागच्या साथीदारांना जपून न्यायचं, धुरेला जुंपलेल्या बैलासारखं किलोमीटरच्या किलोमीटर ओढायचं आणि शेवटी जिंकणार दुसराच. मार्टिननं ते वर्षानुवर्षं केलं. २०१३ ला स्पेनच्या व्हुएल्टा शर्यतीत एका दिवशी सुरुवातीलाच एकटा सुटला, जवळपास १७५ किलोमीटर एकटा पुढं, आणि शेवटच्या काही मीटरवर मागच्यांनी गाठलं. २०१५ च्या टूरमध्ये पंक्चर झालं तर टीममधल्या दुसऱ्याची सायकल घेऊन स्टेज, म्हणजे त्या दिवसाची शर्यत, जिंकली, एकूण शर्यतीत सगळ्यात पुढं असणाऱ्याची पिवळी जर्सी घातली, आणि दोनच दिवसांनी पडून कॉलरबोन मोडलं. साथीदारांनी पाठीला हात लावून लाइनपर्यंत आणलं त्याला. मी तो व्हिडिओ दुकानात पोरांना दाखवला तेव्हा कुणी काही बोललं नाही बराच वेळ.

आणि ज्यासाठी हे सगळं लिहायलोय ते म्हणजे, २०१२ च्या एप्रिलमध्ये प्रॅक्टिस करताना त्याला एका कारनं उडवलं होतं, गालाचं हाड मोडलं, खांद्याचं मोडलं. त्याच वर्षी टूरमध्ये पडून मनगटाचं हाडही मोडलं. त्यातून उठून त्यानं ऑलिम्पिकचं सिल्व्हर आणि सप्टेंबरात वर्ल्डचं गोल्ड घेतलं. पण २०२१ ला रिटायर होताना त्यानंच सांगितलं की या खेळातला धोका आता नको वाटतो. जिथं शर्यतीसाठी रस्ते बंद करतात, पुढंमागं गाड्या असतात, तिथल्या माणसाची ही गत. आमच्या पोरांच्या मागून पहाटेच्या धुक्यात उसाची डबल ट्रॉली येते, ना लाईट ना रिफ्लेक्टर, टेपचा आवाज एवढा मोठा की ड्रायव्हरला काही ऐकू जात नाही. त्या दिवशी परत येताना बारक्याच्या हँडलपासून हातभर अंतरावरून एक ट्रॉली गेली. तो सरळ रस्त्याखाली उतरला, गुडघा फुटला. मी मागून मोटारसायकलवर होतो, मला अजून रात्री ते दिसतं.

परवानगीसाठी आम्ही तीन चकरा मारल्या, एका कार्यालयातून दुसऱ्याकडं, तिथून म्हणाले आमच्याकडं येत नाही, तिकडंच जा. मागणी काय आहे आमची? हायवे नाही मागत, बक्षीस नको, स्टेज नको, पाहुणे नकोत. जिल्ह्यातला कुठलाही १० किलोमीटरचा साधा रस्ता महिन्यातून एका रविवारी सकाळी ५ ते ८ मोठ्या गाड्यांना बंद ठेवा आणि दोन टोकांना दोन पोलीस द्या. टाइम लिहायला मी आहे, पंक्चर काढायलाही मीच आहे. लातूरला झालं तर उद्या बीड, परभणी, नांदेडची पोरंपण करतील, सगळीकडं १० किलोमीटर म्हणजे १० किलोमीटरच, आपापल्या गावात मारा आणि टाइम जुळवून बघा. वारा तेवढा हिशोबात धरावा लागेल, आपल्याकडं मे-जूनमध्ये पश्चिमेचा वारा असा सुटतो की जाताना रडवतो आणि येताना उडवत आणतो, म्हणून जाऊन-येऊनच मोजायचं.

तुमच्याकडून एवढंच पाहिजे की हे पत्र छापा, म्हणजे निदान जिल्ह्यातल्या साहेब लोकांच्या नजरेला पडेल. आणि परवानगी मिळाली तर त्या रविवारी संध्याकाळी मी नावं आणि टाइम पाठवतो, क्रीडा पानावर एका कोपऱ्यात बारीक अक्षरात टाका. बारक्यानं त्यासाठी आत्ताच विचारून ठेवलंय की सेकंद पण छापतात का.

आपला नियमित वाचक,
एक सायकल दुकानदार, लातूर