आधी चित्रे वाचायला शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

डोंबिवलीची आपली लायब्ररी बंद होऊन बरीच वर्षे लोटली. आपण त्यानंतर कोठे राहायला गेलात, हे गल्लीतल्या जुन्या मंडळींपैकी कोणालाच सांगता आले नाही. म्हणून हे आभारपत्र टपालपेटीत न टाकता असे अनावृत लिहीत आहे. आभार मानायला फार उशीर झाला, याची लाज वाटते. परंतु आपण काय शिकवलेत, हे नीट उमगायला मला इतके सुपरहिरोंचे चित्रपट पाहावे लागले, असे म्हणून मी स्वतःची थोडी सोडवणूक करून घेतो.

मी आपल्याकडे सभासद झालो ते १९९३ साली, सहावीत असताना. वेताळाच्या (फँटमच्या) चित्रकथा मराठीतही छापणारे इंद्रजाल कॉमिक्स १९९० मध्येच बंद पडले होते. त्यामुळे वेताळाचे जे काही मराठी अंक आपल्या पत्र्याच्या ट्रंकेत होते, तेवढेच ते होते, आणि ते मी एका उन्हाळ्यात वाचून संपवले. उरली होती ती रद्दीतून आलेली, कोपरे दुमडलेली, काहींची मुखपृष्ठे गळालेली अमेरिकन कॉमिक्स. ती इंग्रजीत होती आणि माझी शाळा मराठी माध्यमाची. पहिली दोन मी दुसऱ्याच दिवशी परत आणली, तेव्हा आपण भाड्याचे पैसे न घेता फक्त कारण विचारलेत. मी खालमानेने इंग्रजी येत नसल्याचे सांगितले. आपण जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यांचे चार-पाच तुकडे कापलेत, संवादाच्या फुग्यांवर एकेक ठेवलात आणि म्हणालात, "आधी चित्रे वाच. अक्षरे कुठे पळून जात नाहीत."

त्या दिवशी मला आपण माझ्यावर दया दाखवत आहात असे वाटले होते. आता कळते, की कॉमिक्स वाचण्याची खरी रीत आपण मला दिलीत, आणि ज्यांना इंग्रजी येत होते त्या माझ्या कित्येक मित्रांना ती कधीच मिळाली नाही. ते फुगे वाचून पान उलटत असत. मी फुगे झाकून बसलेला असल्यामुळे मला डोळे पाहावे लागत.

डोळ्यांचा धडा तर आपण वेताळापासूनच सुरू केला होता. त्याच्या मुखवट्याला बुबुळे का नाहीत, असे आपण मला विचारले होते, आणि उत्तर न देता मला आठवडाभर तसेच ठेवले होते. ग्रीक पुतळ्यांच्या डोळ्यांत बुबुळे दिसत नाहीत आणि त्यामुळे ते गूढ वाटतात, हे पाहून आपल्याला ती कल्पना सुचली, असे वेताळाचे जनक ली फॉक यांनी सांगितल्याचे मी पुष्कळ नंतर वाचले. नुसत्या दोन पांढऱ्या जागा ठेवल्या, की राग, दया आणि विचार या तिन्ही गोष्टी वाचणारा आपल्या मनाने त्यांत भरतो. चित्रकाराने वगळले म्हणून वाचकाला काम मिळाले. पडद्यावर मात्र हाडामांसाचा नट उभा राहतो आणि त्याच्या डोळ्यांचे काय करायचे, हा पेच पडतो. १९९६ च्या चित्रपटात बिली झेनने जांभळा पोशाख मनापासून घातला होता, त्याची मला गंमतही वाटली, परंतु मुखवट्यातून त्याचे माणसाचे डोळे दिसू लागताच वेताळाचा दरारा गेला आणि एक देखणा, सज्जन गृहस्थ उरला. १९८९ च्या बॅटमॅनने मुखवट्याखाली डोळ्यांभोवती काळा रंग फासून वेळ मारून नेली. स्पायडरमॅनची अडचण त्याहून मोठी होती, कारण त्याचा चेहरा पूर्ण झाकलेला. कागदावर चित्रकार प्रसंगानुसार त्याचे पांढरे डोळे लहानमोठे करत आणि आपल्याला तो चकित झाला की चिडला, हे कळत असे. २००२ च्या चित्रपटातल्या ताठ भिंगांना ते जमेना. म्हणून शेवटच्या मारामारीत मुखवटा फाडून टोबी मॅग्वायरचा चेहरा उघडा करावा लागला. २०१६ साली 'डेडपूल'मध्ये मुखवट्याचे डोळे संगणकावर हलवले गेले, आणि त्याच वर्षी टॉम हॉलंडच्या स्पायडरमॅनच्या भिंगांना कॅमेऱ्यासारखी उघडमीट मिळाली. त्या दिवशी चित्रपटगृहात बाकीचे लोक स्पायडरमॅनने कॅप्टन अमेरिकेची ढाल हिसकावली म्हणून टाळ्या वाजवत होते आणि मी एकटा त्या भिंगांसाठी वाजवत होतो.

आता ज्या अंकासाठी मुख्यतः हे पत्र लिहायला घेतले, त्याकडे वळतो. 'अमेझिंग स्पायडरमॅन'च्या १२१ व्या अंकातील कथेचे पुनर्मुद्रण आपण मला पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी दिलेत. मूळ अंक जून १९७३ चा; कथा जेरी कॉनवे यांची, चित्रे गिल केन यांची. खलनायक ग्रीन गॉब्लिन स्पायडरमॅनची प्रेयसी ग्वेन स्टेसी हिला पुलाच्या मनोऱ्यावरून खाली ढकलतो, स्पायडरमॅन जाळ्याचा धागा सोडून तिला पायाशी पकडतो, आपल्याच चपळाईवर खूश होत तिला वर ओढतो, आणि ती मेलेली असते. मी पुठ्ठे ठेवून ते पान वाचले आणि आपल्याला सांगितले, की गॉब्लिनने तिला मारले. आपण काही बोलला नाहीत. पेन्सिलीचे टोक त्या चौकटीत तिच्या मानेजवळ टेकवलेत. तिथे अगदी लहान अक्षरांत एक शब्द होता, 'स्नॅप'. तो फुग्यात नसल्यामुळे माझ्या पुठ्ठ्यांतून सुटला होता आणि तरीही मी तो पाहिला नव्हता. मग आपण त्या चौकटीच्या आणि पुढच्या चौकटीच्या मधल्या पांढऱ्या फटीवर पेन्सिल ठेवलीत आणि विचारलेत, "ती कुठे मेली?"

मला त्या रात्री झोप आली नाही, हे मी आपल्याला कधी सांगितले नाही. ज्याने वाचवायला धागा सोडला, त्याच्याच धाग्याच्या झटक्याने मान मोडली असेल, ही गोष्ट लेखक कुठेच उघड बोलत नाही. ती त्या दोन चौकटींमधल्या फटीत, माझ्या हातून घडते. झटक्यानेच मृत्यू झाला, असे प्रकाशकांनी १२५ व्या अंकाच्या पत्रव्यवहारात कबूल केले. तो खुलासा मी फार उशिरा वाचला आणि वाचून थोडा हिरमुसलो, कारण फट कोणीतरी बुजवल्यासारखे वाटले. आणखी एक गंमत आपल्याला आवडेल: मजकुरात त्या पुलाला जॉर्ज वॉशिंग्टन पूल म्हटले आहे आणि चित्रात दिसतो तो ब्रुकलिन पूल. कथेचे नावही पहिल्या पानावर न देता शेवटच्या पानावर दिले आहे, कारण ते आधी दिले असते, तर ग्वेन मरणार हे तिथेच फुटले असते.

हा एक प्रसंग चित्रपटवाल्यांनी किती वेळा हाताळला, हे पाहिले की आपली पेन्सिल आठवते. २००२ साली सॅम रायमी यांनी गॉब्लिनच्या एका हातात स्पायडरमॅनची आवडती मेरी जेन आणि दुसऱ्या हातात मुलांनी भरलेला रोपवेचा डबा दिला आणि स्पायडरमॅनने दोघांनाही वाचवले. प्रसंग रंगला होता, परंतु फट नव्हती. २०१४ च्या चित्रपटात ग्वेन खरोखर पडते, घड्याळाच्या मनोऱ्यात, आणि काटे १ वाजून २१ मिनिटांवर थांबतात, म्हणजे १२१ वा अंक. माझ्या शेजारच्या मुलाने त्या काट्यांना शिट्टी वाजवली. ती चाहत्यांसाठी केलेली खूण होती आणि खुणेपेक्षा तिला जास्त किंमत नाही. मी अडकलो तो धाग्याच्या टोकाशी. खाली झेपावताना त्या धाग्याचे टोक फाकते आणि पाच बोटांच्या पंजासारखे तिच्याकडे पसरते. हे कॉमिक्समध्ये नाही. कागदावरची फट पडद्यावर आणता येत नाही हे ओळखून, एखाद्या दिग्दर्शकाने तिच्या जागी पोहोचू पाहणारा हात ठेवला. बाकीचा चित्रपट नको तितक्या खलनायकांनी गजबजलेला आहे आणि त्याची बाजू मी घेणार नाही; त्या अर्ध्या मिनिटाची मात्र घेईन. पुढे २०२१ साली त्याच २०१४ च्या चित्रपटातल्या अँड्र्यू गारफिल्डचा स्पायडरमॅन दुसऱ्या कोणाच्या तरी प्रेयसीला पडताना पाहतो आणि स्वतः झेपावून तिला कवेत घेतो. त्याच्या तोंडून एक शब्द निघायच्या आत मला १२१ वा अंक, २०१४ चा मनोरा आणि आपल्या टेबलावरचा पिवळा दिवा एकदम दिसले.

चित्रपट मूळ कॉमिक्सला किती प्रामाणिक आहे, यावर चाहते वर्षानुवर्षे भांडतात. पोशाखाचा रंग बदलला, जाळे यंत्रातून न येता मनगटातून आले, अमक्याचा मृत्यू गाळला, अशी त्यांची यादी असते. मीही एके काळी अशा याद्या केल्या, परंतु आपला प्रश्न मनात असल्यामुळे त्यांत फार दिवस रमलो नाही. २००३ च्या 'हल्क'मध्ये आंग ली यांनी पडदाच चौकटींत कापला आणि एकाच वेळी तीन-चार बाजूंनी दृश्य दाखवले. प्रयत्न धाडसी होता. पण चौकटी आल्या आणि फट आली नाही, कारण पडद्यावर वेळ थांबत नाही. 'वॉचमेन'चे उलटे झाले. १९८६-८७ मध्ये बारा अंकांत आलेल्या त्या कॉमिक्सचा पाचवा अंक आरशासारखा रचलेला आहे: पहिल्या पानाची मांडणी शेवटच्या पानाशी जुळते, दुसऱ्याची शेवटून दुसऱ्याशी, आणि मधल्या जोडपानावर दोन्ही अर्धी एकमेकांना भिडतात. हे कळायला पाने मागे-पुढे उलटावी लागतात. २००९ च्या चित्रपटाने कित्येक चौकटी हुबेहूब उभ्या केल्या, पण चित्रपटगृहात बसलेल्या माणसाला मागचे पान उलटता येत नाही. नक्कल जितकी चोख, तितके मूळ दूर गेल्यासारखे मला वाटले.

आणि मग २०१८ साली माइल्स मोरालेस या नव्या, शिकाऊ स्पायडरमॅनचा ॲनिमेशन चित्रपट आला. त्याने कागदावरचे ठिपके आणि छपाईत सरकलेले रंग पडद्यावर आणले, याचे कौतुक सर्वांनी केले, पुढच्या वर्षी त्याला ऑस्करही मिळाले. मला त्यातली दुसरीच गोष्ट सांगायची आहे. चित्रपटात सेकंदाला चोवीस चित्रे सरकतात. माइल्स शिकाऊ असताना त्याच्यासाठी बऱ्याचदा बाराच वेगळी चित्रे काढली आणि प्रत्येक चित्र दोनदा धरले. त्याच्या शेजारून झोके घेणारा मुरलेला स्पायडरमॅन पीटर मात्र चोवीस चित्रांनी सुळकन जातो. म्हणजे मधली चित्रे गाळून त्यांनी मुलाचे अडखळणे दाखवले. काका, ही फटच आहे! इतक्या वर्षांत पडद्याला स्वतःची फट सापडली, आणि ती मला दिसली याचे कारण आपले लग्नपत्रिकांचे पुठ्ठे.

आणखी एका गोष्टीचे आभार राहून जायला नकोत. आपल्या नोंदवहीत अंकाच्या नावापुढे लेखक, चित्रकार, शाई करणारा, रंग भरणारा आणि अक्षरे काढणारा यांची नावे आपण देवनागरीत लिहीत असा. हे कशाला, असे आम्ही मुले हसत असू. ते कशाला, हे पुढे कळले. सुपरमॅनचे जनक जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी त्याचे हक्क १३० डॉलरांना दिले होते. पुढे चित्रपट येऊ घातला असताना, १९७५ मध्ये, त्यांनी जाहीरपणे दाद मागितली, तेव्हा त्यांना निवृत्तिवेतन आणि स्वतःचे नाव परत मिळाले. बॅटमॅन घडवणाऱ्या बिल फिंगर यांचे तर १९७४ साली निधन झाले आणि त्यांचे नाव निर्माता म्हणून अधिकृतपणे छापले जाऊ लागले २०१५ मध्ये. आपण ज्या बॅटमॅनच्या अंकांची नोंद केली होती, त्यांतल्या बहुतेकांवर ते नसणारच. चित्रपट संपल्यावर, दिवे लागून झाडूवाले आत आले तरी, मी श्रेयनामावली संपेपर्यंत बसून राहतो. घरचे लोक त्याला पुढच्या भागाच्या झलकेची हाव समजतात.

शेवटी एक बातमी, जी आपल्याला कोणी सांगितली नसेल अशी मला शंका आहे. २००४ साली भारतात एक स्पायडरमॅन निघाला होता, मुंबईतला, धोतर नेसलेला, पवित्र प्रभाकर नावाचा. जीवन कांग यांनी त्याची चित्रे काढली होती. त्या वेळी मला तो जरा ओढूनताणून आणल्यासारखा वाटला होता. २०२३ च्या चित्रपटात तो पुन्हा आला, आणि त्याच्या मुंबॅटन या कल्पित शहराचे रंग-रेषा ठरवताना कलाकारांनी इंद्रजाल कॉमिक्सचा आधार घेतला. रेषेबाहेर गेलेला रंग, भडक गुलाबी आणि पिवळा, आकाशाचे ते सपाट तुकडे! आपल्या ट्रंकेतून उचलून कोणीतरी अमेरिकेत नेऊन ठेवल्यासारखे ते शहर दिसत होते. ते मी दोनदा पाहिले. दुसऱ्या वेळी कानांत बोटे घालून, फक्त चित्रे.

हे पत्र आपल्यापर्यंत पोहोचलेच, तर २०१४ च्या त्या मनोऱ्याच्या प्रसंगाबद्दल आपले मत मला हवे आहे. एकदा पाहून बोलायचे नाही, हा आपला नियम होता. मी चार वेळा पाहिला आहे. तो धाग्याचा पंजा आपल्याला चालला असता, की आपण तिथेही पेन्सिल टेकवून काही विचारले असते?

आपला कृतज्ञ,
सभासद क्रमांक २१२