आधी नोंद तपासा, मग स्कॅन करा

संपादक महोदय,

दुर्मीळ पुस्तकांच्या डिजिटायझेशनच्या बातम्यांत किती पाने स्कॅन झाली याचा आकडा हमखास असतो. हातातली वस्तू नेमकी काय आहे, हे त्याआधी कोणी तपासले का, याबद्दल मात्र अवाक्षर नसते. इंग्लंडच्या जुन्या कायदेग्रंथांच्या बाबतीत ही कसूर महागात पडते. मुंबईत १६७२ पासून इंग्रजी कायद्याने न्यायदान सुरू झाले. त्यामुळे असे ग्रंथ आपल्याकडच्या कपाटांतही आहेत.

हार्वर्ड लॉ स्कूलच्या ग्रंथालयाने १९४६ साली मॅग्ना कार्टाची, म्हणजे इंग्लंडच्या राजाने दिलेल्या हक्कांच्या सनदेची, एक 'नक्कल' २७ डॉलर ५० सेंटला घेतली. लिलावाच्या यादीत तिचे वर्णन '१३२७ सालची, थोडी झिजलेली, ओलीचे डाग असलेली' असे होते. ग्रंथालयातही ती नक्कल म्हणूनच नोंदली गेली आणि पाऊणशे वर्षे तशीच राहिली. डिसेंबर २०२३ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजचे इतिहासकार डेव्हिड कार्पेंटर इंटरनेटवर मॅग्ना कार्टाच्या अनधिकृत नकला चाळत होते. त्यात ही त्यांच्या नजरेला पडली आणि ती नक्कल वाटेना. त्यांनी इतिहासकार निकोलस व्हिन्सेंट यांच्यासह पडताळणी केली आणि मे २०२५ मध्ये निष्कर्ष जाहीर झाला. पहिल्या एडवर्डने १३०० साली राजमुद्रेनिशी दिलेल्या प्रतींपैकी ती अस्सल प्रत होती. त्या वर्षीच्या अशा सहा प्रती तोवर माहीत होत्या, ही सातवी.

पडताळणी कशी झाली, ते आपल्या ग्रंथपालांनी मुद्दाम पाहावे. चर्मपत्राचे माप ४८९ × ४७३ मिलिमीटर निघाले आणि ते बाकीच्या सहा प्रतींशी जुळणारे होते. 'एडवर्डस' या नावाचे आद्याक्षर मोठे काढलेले आणि पहिल्या ओळीतली अक्षरे ताणून उंच केलेली, हेही जुळले. मग मजकूर शब्दाला शब्द लावून पाहिला. १३००च्या प्रतींत शब्दच नव्हे, त्यांचा क्रमही ठरलेला असल्यामुळे ही कसोटी कडक होती. पुसट भागासाठी अतिनील प्रकाशात आणि वेगवेगळ्या तरंगलांबींच्या प्रकाशात छायाचित्रे घेतली. अतिनील प्रकाशात चर्मपत्र उजळते आणि मायफळ-लोहाची शाई तो प्रकाश शोषते, म्हणून साध्या उजेडात न दिसणारे अक्षर काळे उठून दिसते. छायाचित्रे इंटरनेटवर होती म्हणून हा शोध लागला, हे डिजिटायझेशनच्या बाजूने मान्यच आहे. पण 'नक्कल' हा शब्द वाचून पुढे सरकणारे आधी किती असतील!

तारखांमध्ये तर घसरण्याच्या जागा भरपूर. इंग्लंडचे जुने कायदे राजाच्या राज्यवर्षाने, म्हणजे तो गादीवर आल्यापासून मोजलेल्या वर्षाने, ओळखले जात. पहिल्या एडवर्डचे २८वे वर्ष म्हणजे २० नोव्हेंबर १२९९ ते १९ नोव्हेंबर १३००. एडवर्ड नावाचे तीन राजे लागोपाठ झाले, तेव्हा नुसत्या 'एडवर्ड'वर विसंबून चालत नाही. मुंबई उच्च न्यायालय ज्या कायद्यामुळे स्थापन झाले तो १८६१चा कायदा जुन्या पुस्तकांत 'व्हिक्टोरिया २४ व २५, प्रकरण १०४' असा सापडतो. पार्लमेंटचे अधिवेशन २० जूनच्या, म्हणजे राणीच्या राज्यारोहणाच्या, अलीकडे-पलीकडे पसरले की दोन वर्षे जोडून लिहायची. त्यात १७५२ पूर्वी इंग्लंडचे कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणजे समासात कोणी 'फेब्रुवारी १६४०' लिहिले असेल तर ते बहुधा आपले १६४१. मोडी कागदांवरचे शुहूर सन (मराठेशाहीतली अरबी कालगणना) आणि 'छ' पुढचे चंद्र (चांद्र महिन्याची तारीख) सोडवणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. तीच शिस्त इथे लावायची आहे.

छापील पुस्तकांकडे वळू. इंग्रज न्यायाधीश लिटलटन यांचे 'टेन्युअर्स' हे जमीनधारणेवरचे पुस्तक १४८२च्या सुमारास लंडनमध्ये छापले गेले. इंग्लंडात छापलेले ते पहिले कायद्याचे पुस्तक मानतात. भाषा 'लॉ फ्रेंच', म्हणजे वकिलांची मोडकी फ्रेंच. ती पुढे इतकी मोडली, की १६३१ साली सॉल्झबरीत एका कैद्याने न्यायाधीशावर विटेचा तुकडा भिरकावला, त्याची नोंद करणाऱ्याने सरळ 'ब्रिकबॅट' आणि 'नॅरोली मिस्ट' हे इंग्रजी शब्द फ्रेंच वाक्यात कोंबले. न्यायालयांतून ही भाषा कायमची गेली ती १७३३ मध्ये. आज यादी करणाऱ्या ग्रंथपालाला फ्रेंच येत असली तरी ही भाषा त्याला अडवते, कारण निम्मे शब्द संक्षेपात आणि अक्षर काळ्या गॉथिक वळणाचे.

अशा पुस्तकात पाने मोजताना तीन चुका नेहमी होतात. एक, क्रमांक पृष्ठाला नसून पानाला असतो. पुढची आणि मागची बाजू मिळून एकच आकडा. पृष्ठे समजून मोजले की 'निम्मे पुस्तक गहाळ' असा शेरा पडतो. दोन, छापखान्यात आकडे सर्रास चुकत, ४७ नंतर ४९ येई. म्हणून आकड्यांवर न जाता पानाच्या तळाशी असलेली फर्म्याची (एकत्र दुमडून शिवलेल्या पानांच्या जुडीची) खूण, म्हणजे वर्णमालेच्या क्रमाने येणारे अक्षर, पाहावी. आठ पानांच्या फर्म्यात साधारण पहिल्या चार पानांवरच खूण असते, उरलेल्या चारांवर नसते. वर्णमाला २३ अक्षरांची, तिच्यात जे, डब्ल्यू नाहीत आणि यू-व्ही मिळून एकच अक्षर. त्यामुळे आय नंतर थेट के आला तर फर्मा हरवला असे समजू नये. तीन, आणि ही सर्वांत नडणारी: कायद्याची छोटी पुस्तके तीन-चार एकत्र बांधून घ्यायची रीत होती. यादीत येते फक्त पहिल्याचे नाव. बाकीची पुस्तके कपाटात असूनही नसल्यासारखी.

पुठ्ठ्यांनाही वेगळा फोटो लागतो. जुने बांधणीकार रद्दी हस्तलिखितांचे चर्मपत्र कापून कण्यात आणि पुठ्ठ्याच्या आत वापरत. कधी कधी आतल्या पुस्तकापेक्षा ती पट्टी जुनी निघते. कंत्राट 'मजकुराच्या पानांचे' असले की पुठ्ठे, कोरी पाने, समासातली वकिलांची टिपणे सगळे सुटते. करारातच लिहून घ्यावे: पुठ्ठा ते पुठ्ठा, कोऱ्या पानांसह, पहिल्या छायाचित्रात मोजपट्टी आणि रंगपट्टी, पुस्तक आधारावर ९० ते १२० अंशच उघडायचे. काचेखाली सपाट दाबले की तीनशे वर्षांचा सांधा एका दिवसात जातो.

सोळाव्या शतकातला चिंध्यांचा कागद बहुधा ठणठणीत असतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले, लाकडाच्या लगद्यावर छापलेले निवाड्यांचे खंड त्याआधी मोडतील, तेव्हा घाईचा क्रम तिथून लावावा. कातडी बांधणी विटकरी भुकटी होऊन हाताला लागत असेल तर तेल चोळू नये. तेलाने कातडे काळवंडते, चिकट होते आणि भुकटी थांबत नाही. तज्ज्ञ येईपर्यंत आम्लरहित कागदात गुंडाळून सुती फितीने बांधावे. सेलोटेप आणि फेविकॉल दूर ठेवावे. फाटलेल्या पानाला जपानी टिश्यू आणि गव्हाची खळ. चर्मपत्राचे लॅमिनेशन कधीही करू नये, उष्णतेने ते आक्रसते आणि पुन्हा सरळ होत नाही. हातमोजेही नकोत, धुऊन कोरडे केलेले हात बरे, कारण सुती मोज्यात पानाची कड जाणवत नाही आणि पान फाटते.

खर्च न वाढवता एक गोष्ट आजच करता येईल. प्रत्येक नोंदीत तीन रकाने वाढवावेत: वस्तू प्रत्यक्ष कोणी पाहिली, कधी पाहिली, आणि तारीख कशावरून ठरवली. विक्रेत्याच्या यादीवरून उतरवली असेल तर तसेच लिहावे.

आपला,
एक ग्रंथपाल, मुंबई