'निर्वंश' छापण्याआधी

संपादक महाशय,

मूळ गाव शोधत मॉरिशसहून कोकणात आलेल्या मराठी कुटुंबाची बातमी वाचली. 'तिकडच्या नोंदींवरून गाव हमखास सापडते' हे वाक्य मात्र खटकले. गेली चार वर्षे मी याच उद्योगात आहे.

आमच्या खापरपणजोबांचा धाकटा भाऊ भिवा. तो गलबतावर खलाशी होता आणि गलबताबरोबरच बुडाला, असे घरात सांगत आले. कुळवृत्तांतात त्याच्यापुढे 'निर्वंश' छापले आहे. चार वर्षांपूर्वी मॉरिशसचे एक गृहस्थ आमच्या खळ्यात येऊन उभे राहिले. हातात मॉरिशसमधल्या मोका येथील, जुन्या मजुरांच्या नोंदी जपणाऱ्या महात्मा गांधी संस्थेतला उतारा. पोर्ट लुईसच्या धक्क्यावर, म्हणजे आजच्या आप्रवासी घाटावर, १८५६ साली उतरलेला मजूर. नाव 'बेवा', वय २५, बापाचे नाव आमच्या वंशावळीतले, जिल्हा रत्नागिरी, गाव 'वाडी'. (कारकुनाने चांगल्या बाप्याची विधवा केली, आणि तिकडच्या रिवाजाप्रमाणे तेच आज त्या गृहस्थांचे आडनाव आहे.)

वाडी म्हणजे कुठली? आमच्या एका गावातच सात वाड्या. शिवाय सावंतवाडीलाही आपण नुसते 'वाडी' म्हणतो. पण ते तेव्हा वेगळे संस्थान, रत्नागिरी जिल्ह्यात नव्हतेच.

दुसरा कागद १८६२ मधला, लग्नाचा. त्यात वय २७! सहा वर्षांत स्वारी दोनच वर्षांनी वाढली. बापाचे नावही भलतेच. तरी दोन्ही कागदांवर आप्रवासी क्रमांक एकच आहे. नाव आणि वय कारकुनाच्या कानावर आणि अंदाजावर; क्रमांक मात्र उतरल्यावर एकदा मिळाला की माणसाला जन्मभर चिकटे. तेव्हा उतरला तोच बोहल्यावर चढला, याबद्दल माझी खात्री आहे. तो आमचाच भिवा का, हे क्रमांक सांगत नाही. बापाच्या नावापुरता पहिला कागद मी जास्त मानतो, एवढेच.

पण 'निर्वंश' कशावरून? कुळवृत्तांताच्या संपादकांना विचारले, तर 'पुढची माहिती मिळाली नाही की तसे लिहितात' असे उत्तर मिळाले. माहिती नसेल तर जागा कोरी सोडावी, किंवा 'परदेशी गेले असे ऐकिवात' असे लिहावे. दुसऱ्या आवृत्तीचे काम सध्या चालू आहे, म्हणून हे पत्र.

— एक वाचक, मालवण