आधी बादली भरून बघ

चि. माऊ,
अनेक आशीर्वाद.

काल तू फोनवर विचारलंस, "बाबा, टाकीचा गिझर काढून इन्स्टंट बसवू का?" मी तेव्हा हो किंवा नाही म्हटलं नाही. घाईत सांगायची ही गोष्ट नाही, म्हणून रात्री लिहायला बसलोय.

तुझी तक्रार रास्त आहे. १५ लिटरची टाकी आणि २ किलोवॅटचं एलिमेंट असलं की २० अंशांचं पाणी ६० अंशांवर जायला एकवीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ सकाळी कुणाकडे असतो? शिवाय तापवलेलं पाणी वापरलं नाही तर निवतं आणि पुन्हा तापवावं लागतं. इन्स्टंटमध्ये टाकीच नसते, पाणी वाहता वाहताच तापतं, म्हणून हा साठवणुकीचा तोटा नाही. पण तेवढंच पाणी तेवढंच तापवायला ऊर्जा दोन्हीकडे सारखीच लागते. टाकी ती वीस मिनिटं सावकाश घेते, इन्स्टंटला ती पाणी वाहत असताना त्याच क्षणी हवी असते. सगळी मेख इथे आहे.

म्हणून एक काम कर. शॉवरखाली बादली ठेव, तुला लागतो तेवढाच नळ सोड आणि घड्याळ लावून एक मिनिट मोज. किती लिटर भरलं ते लिहून ठेव. थर्मामीटरने नळाच्या गार पाण्याचं तापमान घे आणि अंगावर घेतेस त्या पाण्याचंही घे. दोन्हीतला फरक गुणिले लिटर गुणिले ०.०७, एवढे किलोवॅट लागतात. समज, मिनिटाला ६ लिटर आले आणि फरक २५ अंशांचा निघाला, तर साडेदहा किलोवॅट झाले. भिंतीवर लावायचे छोटे इन्स्टंट साधारण ३ किलोवॅटचे असतात. म्हणजे त्याच फरकाला मिनिटाला पावणेदोन लिटरसुद्धा पुरते नाहीत. धार वाढवलीस की पाणी कोमट. लोक म्हणतात यंत्र बिघडलं. बिघडलेलं काही नसतं, हिशेबच तेवढा असतो.

मोठा विजेचा घ्यायचा तर साडेदहा किलोवॅटला २३० व्होल्टवर ४५ अँपिअरच्या वर करंट ओढला जातो. त्याला वेगळी जाड वायर, वेगळा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग लागतं. तुझ्या घरातली वायरिंग जुनी आहे. ती तपासल्याशिवाय कुणी "चालतंय हो" म्हणालं तरी ऐकू नकोस.

मग कुणीतरी गॅस गिझर सुचवेल. एवढी ताकद गॅसला सहज जमते, हे खरंच आहे. पण इथे मला तुला एक गोष्ट सांगायचीय, जी मी तुझ्या आईशिवाय कुणाला सांगितलेली नाही. तू चार वर्षांची असताना आपल्याकडे गॅस गिझर होता, बाथरूमच्या आतच. बसवणाऱ्याने तिथे लावला आणि आम्हीही काही विचारलं नाही. गारठा होता म्हणून मी खिडकी घट्ट लावून घेतली होती. अंघोळ करता करता डोकं जड झालं. गिझरच्या झरोक्यातली ज्योत निळी असायची, ती पिवळी दिसत होती आणि वरच्या टाइलवर काजळी धरली होती. मी ते बघत होतो, पण त्याचा अर्थ मला लागत नव्हता. आईने बाहेरून हाक मारली, मला उत्तर देता येईना. तिने दार ढकललं. कडी सैल होती म्हणून ते उघडलं. बंद खोलीत हवा कमी पडून गॅस अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला ना वास, ना रंग. दुसऱ्या दिवशी मी तो गिझर काढायला लावला.

गिझर हे नावही अशाच बिनटाकीच्या यंत्राचं आहे. १८६८ मध्ये लंडनमध्ये बेंजामिन मॉन यांनी गॅसवर वाहतं पाणी तापवणारं यंत्र बनवलं आणि आइसलँडच्या उसळत्या गरम झऱ्यावरून त्याला नाव दिलं. जळलेला वायू बाहेर नेणारी नळी त्यात नव्हती. इतक्या वर्षांनीही लोक तीच चूक करतात. तेव्हा गॅसचा घ्यायचाच असेल तर तो बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत हवा, धुराची नळी थेट बाहेर काढलेली हवी. हे जमत नसेल तर तो विषय बंद. यात मी तडजोड करणार नाही, रागावलीस तरी चालेल.

अजून एक. तुझं घर वरच्या मजल्यावर. गच्चीतली टाकी डोक्यावर दोन-तीन मीटरच असेल, तर दाब जेमतेम पाव बार मिळतो आणि कितीतरी इन्स्टंट तेवढ्यावर सुरूच होत नाहीत. पाणी जड असेल तर आतल्या बारीक नळ्यांत क्षार बसतात, दर वर्षी सायट्रिक अॅसिड फिरवून त्या साफ कराव्या लागतात.

माझं मन विचारशील तर शॉवरला टाकीच राहू दे, हवी तर २५ लिटरची कर. स्वयंपाकघरातल्या सिंकला मात्र ३ किलोवॅटचा इन्स्टंट जरूर लाव. तिथे बारीक धार पुरते आणि वीस मिनिटं थांबावं लागत नाही.

बादलीचा आकडा कळव. मी रविवारी येतो, तोवर भिंतीला भोक पाडू देऊ नकोस.

तुझा,
बाबा