डेट्रॉइटहून दादांस पत्र

डेट्रॉइट, 6 जून 1926

ती. दादा व ती. सौ. आई यांस,
विष्णूचे साष्टांग नमस्कार वि. वि.

आपले एप्रिलचे पत्र परवा पोचले. माझी प्रकृती उत्तम आहे. खोकला पार गेला. आईचे मेतकूट अजून पुरवून पुरवून खातो आहे. कॉलेजचे आणि सुटीतल्या कारखान्याच्या कामाचे मागे लिहिलेच आहे.

दादा, आपण 1921 साली वाईत गुत्त्यापुढे धरणे धरून उभे राहिलात. अमेरिकेने सबंध देशात दारू बंद केली याचे आपल्याला केवढे कौतुक! म्हणून इथला प्रकार नीट उलगडून सांगतो. कायदा जानेवारी 1920 पासून देशभर आहे, या मिशिगन प्रांतात तर 1918 पासूनच. पण बंदी आहे ती दारू करायला, विकायला, न्यायला. प्यायला नाही! ज्याने आधीच घरात साठा करून ठेवला तो खुशाल पितो. डॉक्टरने चिठ्ठी दिली की औषधाच्या दुकानात दहा दिवसांतून एकदा व्हिस्की मिळते, तीही कायद्याने. चर्चमध्ये पूजेला द्राक्षाची दारू चालते. स्ट्रोह नावाचा इथला मोठा बिअरवाला आता आइस्क्रीम विकतो. नदीपलीकडे कॅनडातले विंडसर गाव आहे. नदी मैलभरही रुंद नाही, हिवाळ्यात गोठली की रात्री बर्फावरून मोटारी भरभरून माल येतो. चोरट्या गुत्त्याला इथे ‘ब्लाइंड पिग’ म्हणतात, म्हणजे आंधळे डुक्कर. असे गुत्ते गल्लोगल्ली आहेत आणि पोलिसांना ते ठाऊक असतात.

मी एक थेंबही घेतलेला नाही. आईच्या पायांची शपथ. काकांना कोणी काय सांगितले असेल ते असो.

पण हेही लिहिले पाहिजे. दारू वाईटच, ते मी कारखान्यात रोज पाहतो. मात्र या कायद्यामागे निव्वळ दारूचा तिटकारा नव्हता. बिअर जर्मनांची, वाइन इटालियनांची, गुत्ता आयरिश आणि पोलिश मजुरांचा. कारखान्यांसाठी आलेल्या या कॅथलिक लोकांविषयीचा रागही त्यात मिसळला आहे. पांढरे झगे घालणारी, गोऱ्यांचेच वर्चस्व हवे म्हणणारी कु क्लक्स क्लॅन ही मंडळी दारूबंदीची मोठी कैवारी. गेल्या ऑगस्टात ते वॉशिंग्टनच्या रस्त्यावरून हजारोंनी चालत गेले. 1924 साली या शहराचा मेयरही त्यांच्याच पाठिंब्याचा व्हायचा, थोडक्यात चुकले.

क्लॅनविषयी आपण काळजीने विचारलेत. माझ्या वाटेला कोणी गेलेले नाही. मी रात्री उशिरा हिंडत नाही.

गेल्या वर्षी डॉ. ओसियन स्वीट नावाच्या एका काळ्या डॉक्टराने गारलँड रस्त्यावर, गोऱ्यांच्या वस्तीत, घर विकत घेतले. सप्टेंबरात राहायला आले त्याच्या दुसऱ्याच रात्री जमावाने घरावर दगड फेकले. आतून गोळ्या सुटल्या, बाहेर एक माणूस मेला. घरातल्या अकराही जणांवर खुनाचा खटला झाला. क्लॅरेन्स डॅरो या नामांकित वकिलाने बाजू मांडली. पहिल्या खेपेस ज्यूरीचे एकमत झाले नाही, आणि आता मे महिन्यात डॉक्टरांचा भाऊ हेन्री निर्दोष सुटला. ते वाचून मी रात्रभर जागा होतो.

हे आजवर लिहिले नव्हते. आलो तेव्हा तीन घरांत मला खोली नाकारली. दारावर पाटी असायची, मी दिसलो की खोली गेलेली असायची. शेवटी एका पोलिश विधवाबाईंनी ठेवून घेतले. त्या माझे बटाटे वेगळ्या भांड्यात उकडतात. तळघरात बिअर करतात, आणि त्यावर त्यांची दोन मुले शिकतात. दादा, त्यांना वाईट म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तिसऱ्या दारातून परतताना मला आपल्या आळीत आलेले ते महार पेन्शनर आठवले. मेसोपोटेमियाच्या लढाईवरून आलेले, मुलाच्या शाळेसाठी खोली मागत होते. आपण सर्वांनी नाही म्हटले. मी ओसरीवर उभा होतो. माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. तो मुलगा पुढे शिकला का?

आता पैशांचे. यासोबत 50 डॉलर पाठवतो आहे, त्याचे सुमारे 135 रुपये होतील. 60 सावकाराला, 40 ताईच्या बाळंतपणासाठी, बाकीचे घरखर्चाला; त्यातून 10 त्या मुलाच्या पुस्तकांना द्यावेत, त्याचा पत्ता मास्तरांना असेल. मागल्या दोन महिन्यांत काही पाठवता आले नाही, त्याबद्दल रागावू नये. थंडीचा कोट घ्यावा लागला.

साताऱ्याच्या स्थळाला कृपा करून शब्द देऊ नये. 1923 साली इथल्या सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात आपल्या लोकांना नागरिकत्व नाकारले, आणि 1924 च्या कायद्याने दार आणखी घट्ट झाले. मुलीला इथे आणता यायचे नाही, आणि तिला वाट पाहत तिथे बसवणे मला बरे वाटत नाही. मेमसाहेबाचे आईने मनात आणू नये, तसे काही नाही. 1928 मध्ये परीक्षा झाली की मी येतो. आईच्या डोळ्यांचे काय झाले ते या वेळी कोणी लिहिलेच नाही. ते आधी कळवावे.

अंडी खातो. हे आईला सांगावे की नाही ते आपण ठरवावे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
विष्णू